अमेरिकन इंजिनाचा झगा

...नाही, पण मी म्हणतो, आतडी बाहेर काढलेलं इंजिन माझ्याच नशिबी का? इंग्लंडातल्या थॉर्नबीच्या इंजिन-शेडमध्ये बत्तीस वर्षं ड्रायव्हर आहे हा ईनॉक टास्कर, आणि माझं जुनं इंजिन, तुम्हाला सांगतो, हिरवंगार, पितळ लखलखतंय, बाहेर एक नळी दिसेल तर शपथ! सगळं यंत्र पोटात, चाकांच्या मधे. आता त्याला तेल द्यायचं तर आपणच त्या पोटात शिरायचं, अंग चोरून, आणि माझं हे पोट बघताय ना? युद्धाच्या रेशनवरसुद्धा कमी होत नाही! कसं, ते मला नका विचारू!

दोनदा अडकलो. दोन्हीदा फोरमन ऑर्मरॉडसाहेबांनी पाय धरून बाहेर ओढलं. म्हणाले, "टास्कर, तिसऱ्यांदा अडकलास की मेन लाइन बंद. यार्डात डबे ढकलत बस." डबे! मी!

नेमकी तेव्हाच युद्धाच्या मदतीला अमेरिकेहून इंजिनं आली, त्यातलं एक मला दिलं. बघितलं आणि तोंडच कडू झालं हो... पंप बाहेर, नळ्या बाहेर, दांडे बाहेर! इंजिनांबरोबर आलेला त्यांचा अमेरिकन सार्जंट लॉनी च्युइंगम चघळत म्हणतो कसा, "काका, उभ्या उभ्या तेल द्या की! लपवायचंय काय त्यात?" आणि खरंच की! दहा मिनिटांत काम, शर्टाला डाग नाही. आता इंजिन बघायचं असतं की चालवायचं असतं, तुम्हीच सांगा!

पण लोक! हॅलमच्या स्टेशनमास्तरांनी माझं इंजिन येताना बघून फुलांच्या कुंड्या आत नेल्या. आमची बायको विनिफ्रेड म्हणाली, "अहो, चर्चला जाताना आतले कपडे कोटावर घातल्यासारखं दिसतंय ते! त्यात बसून माझ्या बहिणीच्या गावावरून जाऊ नका." आणि खोटं कशाला बोलू? मलाही लाज वाटायची. सोयही आवडायची आणि लाजही वाटायची, दोन्ही एकदम! असं होतं का हो कुणाला? मला तर काही कळेनासंच झालं.

मग रविवारी मी आणि माझा फायरमन सिरिल, आम्ही मोहरीच्या जाहिरातीचे जुने पत्रे आणले, इंजिनाला दोन्ही बाजूंनी पार खालपर्यंत झगा घातला, पक्का ठोकला, बागेतल्या बाकांचा उरलेला हिरवा रंग फासला. ऑर्मरॉडसाहेबांनी टोपी काढली, "याला म्हणतात इंजिन!" लॉनी एवढंच म्हणाला, "तेल कुठून देणार?" मी म्हटलं, "ते बघू."

ते सोमवारी सकाळी बघितलं. झग्याखालून शिरलो... आणि अडकलो! गाडीत माणसं बसलेली, गार्डाची शिट्टी चाललेली, आणि माझ्या नाकासमोर ऑर्मरॉडसाहेबांचे बूट. "टास्कर, आत आहेस का?" काय सांगणार? म्हटलं, "थोडासा, साहेब."

लॉनी कातर घेऊन आला. "कापू का पत्रा?" आता माझी मेन लाइन हातची चाललेली, माणसानं काय म्हणावं? लवकर काप, म्हणावं की नाही? मी म्हटलं, "काप बाबा... पण सरळ रेषेत काप!" आणि वरून साहेब म्हणतात, "हो, आणि रंग खरवडू नकोस." आता इंजिन बघायचं असतं की चालवायचं असतं, तुम्हीच सांगा!

मंगळवारपासून यार्डात आहे. डबे ढकलतो. इंजिन आपलं जुनंच, सगळं पोटात. तेल द्यायला सिरिल शिरतो आणि मी बाहेर उभा राहून बघतो... पण काय देखणं दिसतं हो!