मावशीचा कार्बन

दातांच्या दवाखान्यात सुजलेल्या गालाला रुमाल लावून बसलेल्या शिंपीणबाईंना बोलायची सोय नव्हती. कान मात्र शेजारच्या मायलेकींकडे होते. आई शाळेत रसायनशास्त्र शिकवणारी, लेक दहावीतली.

“कार्बन सहसंयुज बंध का करतो, सांग.”

“त्याच्या बाहेरच्या कक्षेत चार इलेक्ट्रॉन असतात आणि स्थिर व्हायला आठ लागतात. चारही देऊन टाकायचे तर फार ऊर्जा लागते. आणखी चार घ्यायचे, तर केंद्रातले सहा प्रोटॉन दहा इलेक्ट्रॉन सांभाळणार कसे? म्हणून तो शेजाऱ्याशी भागीदारी करतो. मग ते इलेक्ट्रॉन दोघांचेही.”

“बरोबर. मावशीने शिकवलं?”

“हो.”

“घरातच रसायनाची बाई असताना लेक बाहेर शिकायला जाते. शाळेत हसतात मला.”

“हसू देत.”

“काल जेवलीससुद्धा तिच्याकडेच.”

“भूक लागली होती गं.”

“माझ्या हातचं गोड लागत नाही ना हल्ली! असं काय सोनं लागलंय तिला? तिच्या दहावीला तिला कोणी शिकवलं? मीच ना? ती ‘भागीदारी’सुद्धा माझीच!”

“माहितेय. तिनेच सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“की ताईने मला हे कितीतरी वेळा समजावलं, पण एकदाही आवाज चढवला नाही.”

आईने मांडीवरची पर्स उघडली आणि तशीच मिटली.

“पुढचा प्रश्न विचार की, आई.”

“विचारते.”

आईने विचारला, पण इतक्या हळू, की शिंपीणबाईंना तो ऐकूच आला नाही.