घेवड्याच्या आळ्यातला पुठ्ठा

शेळीची वाळलेली लेंडी कधी तळहातावर घेऊन पाहिली आहे का, मंडळी? हरभऱ्याहून थोडी मोठी. वरून काळी, गुळगुळीत, किंचित चमकणारी. नखानं दाबा, फुटत नाही. फारसा वासही येत नाही — अहो पुढच्या ताई, पदर नाकावरून काढा, मी नुसतं वर्णन करते आहे! पण हीच लेंडी ओल्या फडक्यात ठेवा. सकाळी बोट लावलं की उकलते. आणि आत काय? चघळून बारीक झालेला पाला. झाडाला हवं ते सगळं आधीपासून आतच होतं. नव्हती ती ओल!

आता माझा प्रश्न. जिवाच्या वस्तू आपण झाकून ठेवतो. पण झाकली म्हणजे जपली का? उत्तराची घाई नको. पेटीवाले, सूर तेवढा धरून ठेवा. ऐका!

माणदेशात एक वाडी. वाडीत भगवानआबा गलांडे आणि त्यांची कारभारीण पारूबाई. घरामागं परस. परसात वांगी, दोडका, आणि कुडावर चढलेला घेवडा. हा घेवडा त्यांच्या एकुलत्या लेकीनं, वनितानं, शाळेत असताना लावलेला. दर साली त्याच्याच शेंगांतलं बी राखेत घोळून ठेवायचं आणि पुन्हा तिथंच टोकायचं.

मग वनिता कुठं? आबांनी तिचं लग्न ठरवलं, पाहुण्यांना शब्द दिला. ती म्हणाली, "आबा, मला नर्सिंग शिकायचंय." आबा ओरडले नाहीत, मंडळी. ओरडले असते तर बरं झालं असतं! ते हळूच म्हणाले, "मग उंबरा वलांडलास की माघारी बघू नगंस."

ती गेली. मिरजेत शिकली, तिथंच दवाखान्यात लागली. आईशी फोनवर बोलते. आणि बाप? फोन वाजला की बाप उठून परसात जातो — आणि खिडकीखाली कान देऊन उभा राहतो! हसा, हसा. तुमच्या घरची खिडकी कुणी पाहिली आहे?

दर दिवाळीला एसटीच्या पार्सलनं एक खोकं येई. आत आईला लुगडं, बापाला बंडी, गुडघ्याला लावायचं तेल. आणि वर निळ्या स्केचपेनानं लिहिलेलं — 'माझ्या आबांना'. बंडी पेटीत पडून राही. तेलाचं बूच उघडत नसे. पण रिकामं खोकं? ते आबा स्वतः माळ्यावर नेऊन ठेवत. वरून घोंगडी!

"रिकामी खोकी कशाला साठवताय?" पारूबाईनं एकदा विचारलं.

"असूं दे. कामाला येतील."

एका साली ठेवणीतलं बी किडलं. निवडून निवडून मूठभर निघालं, त्यातून एकच वेल धरला. आणि ऊन असं, की सकाळी घातलेलं पाणी दुपारी जमिनीत दिसेना. पानं वळली. शेंगा धरल्या, पण आत दाणा भरेना. हा वेल गेला की वनिताचं बी संपलं — कायमचं!

शेजारच्या हौसाबाईनं कुडावरून डोकावून पाहिलं. शेळ्या तिच्या, आणि जीभही तिचीच.

"आबा, पाणी वतून काय व्हतंय? समदं ऊन पितंय. आळं भिजीव, माझ्या वाड्यातलं जुनं लेंडीखत घाल, आन् वर पुठ्ठं भिजवून हातर. ओल धरून राहील."

"पुठ्ठं न्हाईत आमच्याकडं."

पारूबाईनं माळ्याकडं पाहिलं.

दुसऱ्या दिवशी आबा आपणहून शिडी लावून माळ्यावर चढले. खोकी उतरवली, उकलली. आळ्यात लेंडीखत पसरलं, वर पुठ्ठे मांडले. चिकटपट्टी तशीच, अक्षरं वरच्या बाजूला.

"अवं, भिजवून घाला म्हणली ती," पारूबाई म्हणाली.

"कशाला? हायती ती बरी हायती."

आणि पाणी कसं घातलं? तांब्यानं, कडेकडेनं, अक्षरांवर थेंब उडू नये असं! देवाला अभिषेक करतानाही कुणी इतकं सांभाळत नाही.

वेल आणखीच मलूल झाला. हौसाबाई आली, तिनं एका पुठ्ठ्याचा कोपरा उचलला. खाली फुफाटा! लेंडी जशीच्या तशी, काळी आणि चकचकीत.

"आबा, ह्यो काय खेळ मांडलास? पाणी गेलं की कडंनं वघळून. कोरड्यावर पांघरूण घातलंस, तर खाली कोरडंच ऱ्हाणार! आन् वर ही निळी नक्षी कसली?"

"नक्षी न्हवं ती," पारूबाई म्हणाली. "वनीचं अक्षार हाय."

हौसाबाईनं पुठ्ठा अलगद खाली ठेवला.

मंडळी, पुठ्ठा पाणी निर्माण करत नाही. तो फक्त राखतो. खाली ओल असेल तर ओल राखेल; खाली कोरड असेल तर तितक्याच इमानानं कोरड राखेल! त्याला काय कळतं, तुम्ही काय झाकलंत ते? आबांनी लेक मनात झाकली होती. जपली म्हणत होते. पण झाकण्याआधी एका शब्दाचं पाणी घातलं होतं का? नव्हतं. आणि तुम्ही? कुणाचा भाऊ, कुणाची मैत्रीण, कुणाची सून — माळ्यावर घोंगडीखाली कोण आहे, ते मला सांगू नका. कोपरा उचलून एकदा खाली पाहा, एवढंच म्हणते.

आबांनी ते पुठ्ठे गोळा केले. गुरांच्या पाण्याच्या डोणीशी नेले. चिकटपट्टी सोलून काढली. एक पुठ्ठा बराच वेळ दोन्ही हातांत धरला — आणि पाण्यात दाबला. निळी शाई सुटली. 'माझ्या' गेलं. 'आबांना' फुगलं, पसरलं, गेलं. मग दुसरा. मग उरलेले सगळे.

आळं पोटभर भिजवलं. ओल्या मातीवर लेंडी, लेंडीवर ते जड, लिबलिबीत पुठ्ठे. आता तिथं वाचण्यासारखं काही नव्हतं. वेल जगेल का, तेही त्या घडीला कुणाला ठाऊक नव्हतं.

आबा उठले. हातांची बोटं निळी.

"पारू, फोन लाव."

"कुणाला?"

"लाव म्हंतो नव्हं!"

तिनं लावला आणि त्यांच्या कानाशी धरला. पलीकडून आवाज आला, "आई? काय गं, आत्ता कसा केलास?" आबांनी फोन स्वतःच्या हातात घेतला. "आई? बोल की."

"वने... आबा बोलतुया. तुझ्या घेवड्याला तू पायजेस. घरी ये, बाय माझे."