कोपरा काटकोनात आहे, असं बाबा म्हणतात

हॅलो? बाबा, काच बसली नाही.

…काय? छे! मी कुठे काय म्हणालो? म्हटलं, जेवलात का?

हो, हो… आत्याच्या दुकानातच आहे. कोपऱ्यातल्या काउंटरची काच. हो, तुम्हीच बांधलेला कोपरा. काटकोनात. ऐकलंय बाबा, पाळण्यात असल्यापासून ऐकतोय.

बसली म्हणजे… एका भिंतीला बसली. दुसरीशी अबोला आहे. टोकाला वीतभर फट.

नाही हो, काच बरोबर आहे. नव्वद, एकशेवीस, दीडशे. तुमचाच मंत्र!

अहो, ऐका ना… एका भिंतीवर कोपऱ्यापासून नव्वद सेंटिमीटरवर खूण केली, दुसरीवर एकशेवीसवर. दोन खुणांमध्ये टेप लावली. दीडशे यायला हवे होते. आले एकशेबासष्ट.

टेप नवी आहे, बाबा.

मग काय, कोसाइनचा नियम लावला. …कुठल्या खात्याचा नाही, त्रिकोणाचा! तिन्ही बाजू दिल्या की कोन सांगतो. नव्वदचा वर्ग अधिक एकशेवीसचा वर्ग, वजा एकशेबासष्टचा वर्ग, भागिले दोन गुणिले नव्वद गुणिले एकशेवीस… झोपलात का? उत्तर उणे आलं. उणे म्हणजे कोन काटकोनाहून मोठा. शंभर अंश.

हो, शंभर. परीक्षेत कधी मिळाले नाहीत, कोपऱ्यात मिळाले.

गुण्या? लावला ना तुमचा काटकोन तपासायचा गुण्या. तंतोतंत बसला. …थांबा, इतक्यात खूश होऊ नका. मग गुण्याच्याही तीन बाजू मोजल्या. तोही शंभर.

कोणी वाकवला? …आत्या म्हणतेय, दुकान बांधायच्या आधी तिने त्याच गुण्याने रंगाचा डबा उचकटून उघडला होता. …नाही, रडत नाहीये. हसतेय.

बाबा… आपलं घर पण त्याच गुण्याने? चारी कोपरे शंभराचे असूच शकत नाहीत, चौकोनाची बेरीज तीनशेसाठच होते. तीन शंभराचे, चौथा साठचा. …हो, तोच. जिथे झाडू शिरत नाही.

अहो, भिंती वाकड्या असतील, पण उभ्या आहेत ना!

बरं, आता एकच काच उरलीय आणि चारला आत्या दुकान उघडणार. काच कापायची हिरकणी हातात आहे. कितीवर आखू? …नव्वद? बाबा, तुमचा शब्द राहील, काच राहणार नाही. शंभरावर आखतोय.

…ऐकलंत? टक्क झालं. थांबा, उचलतो. आत्या, ते टोक धर… हळू… हळू गं…

बसली. बाबा, बसली! दोन्ही भिंतींना!

बाबा? …फोन ठेवला.

तरी मेसेज करून रीतसर कळवतो: संबंधित गवंड्याने गेल्या वीस वर्षांत बांधलेले सर्व कोपरे, सदर गुण्यासह, फेरतपासणीसाठी तात्काळ जमा करावेत, ही नम्र विनंती.