कॅसेटवरची काजल

— नाई वं बाई, इथं कोनी काजल राह्यत नाई. हे झुंबरबाईचं घर हाय, कारभारीच्या झुंबरबाईचं, साऱ्या धाड गावात कोनालेही इचार. चुकली तू. पन बस आधी, दम लागला तुले. कोनाची म्हनली? गफ्फार मास्तरची? या बया, झेबा तू! एवढीशी होती तवा, बँडच्या गाडीवर झोपून जाय — मी कशी ओळखू? आन मास्तर दवाखान्यात, बुलढाण्याले? कवापासून? ...हाव. हाव, समजलं. डॉक्टर म्हनते आजचा दिवस. आन त्यायले ते कॅसेटवाली काजल पाह्यजे. मंग पोरी, मी काय करू? काजलले शोध ना तू.

थांब, चा ठेवते. नाई कशी? मास्तरची लेक माह्या दारातून तशीच जाईन काय? गाडी उभी असू दे, पळून नाई जात ते. तुले काय मालूम तुहा बाप काय मानूस होता — होता म्हनली, हाय. हाय. जळो माही जीभ. त्यायच्या आधी इकडं बँड म्हंजे ढोल आन दोन पिपाण्या. मास्तरनं बऱ्हाणपूरहून क्लॅरिनेट आनलं, गाडीवर बॅटरी ठेवली, बॅटरीवर कॅसिओ — लोकं नवरदेव सोडून गाडीच पाह्यत. वडनेर भोलजीच्या लग्नात नवरदेवाचा बाप रुसून बसला, म्हने लग्न माह्या पोराचं हाय का या मास्तरचं? आन निरे फिलमी गाने वाजवाची त्यायले हौस नोती. म्हनत, आपल्या बाया हळदीले गाते ते काय वाईट हाय? हळदीचे गाने क्लॅरिनेटवर! म्हाताऱ्या रडत वरातीत. मंग म्हनले, याची कॅसेट काढतो. सारा बाजार हासला — कॅसेट मुंबईवाले काढते, धाडवाले काढते काय? काढली ना बाप्पा! आन गाजली! गानारी कुठं भेटली म्हनतं? विमलबाईच्या पोरीच्या हळदीत. बँडवाले बाहेर जेवाले बसले होते, आतमधी मी गाऊन राह्यली होती — तर मास्तर हातातला घास तसाच धरून दारात येऊन उभे, जेवाचं भानच नाई —

झालं. सांगून बसली ना मी. हाव, मीच ते काजल. नको पाहू अशी.

कारभारी हाव म्हनले, पन म्हने नाव नाई टाकाचं न फोटो नाई छापाचा. मंग जालन्याच्या फोटोवाल्यापासून आनला कोन्या पोरीचा फोटो, काळा गॉगल लावेल, खाली नाव कुमारी काजल. कुमारी! मी तवा दोन लेकरायची माय! जिनिंगच्या गोदामात गाओ आमी, कापसाच्या ढिगायमधी. कापसात आवाज घुमत नाई — हे अक्कल त्यायचीच. पंखा बंद, घामाच्या धारा, बाहेर एस्टीनं हॉर्न मारला का पुन्हा पह्यल्यापासून. पन मास्तर कधी चिडले नाई. बाई, एक डाव अजून — बस, एवढंच. मले बाईच म्हनत. काजल नाई, झुंबर नाई, बाई. एक डाव घरी निघतानी माह्या केसात कापूस अडकला होता, तो काढला त्यायनं. हातानं. हळूच... काई नाई वं. कापूसच होता. काढला न झालं. हे मी काऊन सांगून राह्यली तुले? तुह्या आईले नको बोलजो हे. सरवरीभाभी लय चांगली बाई हाय, दर ईदले शीरखुर्मा पाठवे. अजूनही पाठवते. मी डबा धुवून परत देते, त्यात साखर टाकून.

बाजारातून जीपमधी बसली का जीपवाला मलेच लावे. बाजूची बाई म्हने, काय गळा हाय या पोरीचा! मी आपली मेथीची जुडी छातीशी धरून बाहेर पाहो. वाटे, सांगाव. सांगाव का मी हाओ हे, मी! पन कारभारी होते. मंग कारभारी गेले. वर्ष सरल्यावर मीच गेली मास्तरच्या बँडच्या दुकानात. म्हटलं, मास्तर, आता कोनाची आडकाठी नाई, आता तरी माहं नाव टाका. तर म्हने, बाई, लोकं काजल म्हून घेते, पुढच्या कॅसेटले पाहू. पाहू! धंदा होता त्यायचा, समजते ना मले. पन माहा जीव तुटला वं. इतका तुटला का त्या गल्लीनं जानंच सोडलं. आन पुढची कॅसेट निघालीच नाई, मोबाइल आले, डीजे आले, त्यायनं कॅसिओही विकला. समोरून आले तर मी पदर ओढून घेओ. ते थांबत. मी नाई थांबली कधी. म्हून म्हनते पोरी, काजलले बोलावलं ना त्यायनं, तर काजलले ने. मी नाई येत.

काय? ...पुन्हा सांग. काजल कोन म्हनलं मंग? तूच? कॅसेट पाहून? आन ते काय म्हनले? ...बाईले आना. बाईले आना म्हनले? दुसरं काईच नाई? आन हे घर कोनं सांगतलं तुले — आईनं? सरवरीभाभीनं पाठवलं? तिले — तिले मालूम हाय? ...सारं मालूम हाय?

उठ. उठ, चाल. चा राहू दे, बंद कर ते गॅस. लुगडं बदलू का? नाई, असंच चाल. माहा चष्मा — जाऊ दे, कायले पाह्यजे चष्मा. गाईन मी तिथं. हळू गाईन, त्यायच्या कानात, आवाज फाटला माहा पन त्यायले चालन, डॉक्टर हाकलन तर हाकलन. चाल ना वं, उभी काऊन? ...घे मंग, घे फोन. कोन, फहीम? भाऊ ना तुहा? सांग त्याले, निघालो म्हना, बाई निघाली म्हना, अब्बाच्या कानात सांग म्हना — काय म्हनते? झेबा. काय म्हनते तो?

...

मी काऊन एवढी बोलत बसली वं? पायरीवरूनच तुह्यासंगं चालली असती तर पोचलो असतो आपन. इतके वर्सं रुसून पोट भरलं नाई माहं, आजही रुसाचं होतं मले. आग लागो या तोंडाले.

नाई पोरी. आता मी येऊन काय करू? हात सोड माहा. तिथं तुह्या आईजवळ एकटा फहीम असन. तू जाय. गाडीवाल्याले म्हन गाडी हळू चालव. जाय, माय. जातानी दार लोटून घे.