नावातच झोल

तर मग भरवसा ठेवायचा कुणावर, मॅडम — बाटलीवरच्या कागदावर, का बाटली विकणाऱ्यावर? हसू नका. बसा त्या स्टुलावर. पोत्याला टेकू नका, ओढणीला पावडर लागंल. शहरातल्या दवाखान्यातून चौसाळ्याला यायचं आन् द्राक्षबागेतली माती पिशवीत भरायची — सगळं गाव हसतंय तुमाला, मी न्हाई हसत. बाजार खुला झाला तशा कंपन्या आल्या. दर हंगामाला नवी बाटली, नवा एजंट. टाय बांधून सांगतो, भुरीवर, म्हंजी द्राक्षाच्या बुरशीवर, रामबाण — आन् भुरी पडलेलं पान हातात दिलं की धूळ म्हणून फुंकर मारतो! मी सातवी शिकलेला, पण बाटल्या वाचून वाचून शहाणा झालो. हेक्साकोनाझोल, प्रोपिकोनाझोल, टेबुकोनाझोल — नावं तीन, आडनाव एकच. झोल. गिऱ्हाइकाला तोंडावर म्हणायचो, बाबा, नावातच झोल हाय. तरी न्यायचे. नांदूरघाटचा उत्तरेश्वर तर म्हणायचा, अप्पा, शेजाऱ्यानं पंपाला एक टोपण टाकलं, मी दोन टाकतो. पुढल्या वर्षी दोनानं भुरी जाईना, मग तीन. भुरी शिकली, उत्तरेश्वर काय शिकला न्हाई. टोपणं वाढवायला कुणी सांगितलं त्याला? — मीच. मी न्हाई सांगितलं तर मांजरसुंब्याचा दुकानदार सांगणारच की.

आन् तुमचे मोठे डॉक्टर! नीलम्माचा — आमच्या मंडळीचा — टीबी बरा झालता, पण छातीत पोकळी राहिली, तिच्यात बुरशी बसली म्हणाले. चार महिने गोळी दिली, खोकल्यात रक्त तसंच. तर तिच्यावरच खेकसले, गोळ्या चुकवता म्हणून. चुकवती कशाची? मी माझ्या हातानं देत होतो. एकदा डबी उलटी करून नाव वाचलं — इट्राकोनाझोल. इथंच उभा होतो, ह्या फळीसमोर. पुढल्या खेपेला दवाखान्यात म्हणलं, साहेब, ही आमच्या भुरीच्या औषधाची भावकी दिसती. तर म्हणाले, अप्पा, तुमी दुकान बघा. आन् आता तुमाला धाडलंय, तिच्या बेडक्यातली बुरशी त्या गोळीला दाद देईना, ती बागेतल्या मातीतच औषधाला सरावली का बघायला. आता बरी माती आठवली!

उत्तरेश्वरच्या बागेतली माती न्या की. घरामागची? ती आमचीच बाग, तिथं काय सापडणार — बरं, न्या. छाटणीचा पाला नीलम्माच गोळा करायची, ढीग लावायची, कुजला की फावड्यानं उलटायची. पांढरा धुरळा उठायचा, तोंडाला पदर बी न्हाई. आन् औषध घरचंच, तर हात आखडता कावून घ्यायचा, असं मीच म्हणायचो. मघाशी तुमी इचारलं, हंगामात फवारण्या किती, आन् मी दोन सांगितल्या — बाटलीवरच्या कागदावर तेवढ्याच लिहिल्यात, म्हणून सांगितल्या.

ऐकलं? आत खोकतीय ती.

मॅडम, ते दोन खोडा. नऊ लिहा. पंपाला दोन-दोन टोपणं, तेबी लिहा. आमच्या नावासकट लिहा. तिच्यासाठी दुसरी गोळी हुडकायचीय ना तुमाला — मग तुमच्या वहीत तरी झोल नको. हिशेब खरा ठेवा. आन् उठा आता, गिऱ्हाईक आलंय.