बाटलीला झबलं घालणाऱ्या सिस्टर

सन्माननीय अध्यक्षा, म्हणजे आपल्या बालविभागाच्या मोठ्या डॉक्टरबाई. त्यांच्या डाव्या हाताला बसलेले रुग्णालयाचे अधीक्षक साहेब. उजव्या हाताला बसलेल्या आणि मघापासून "माझ्याबद्दल फार बोलू नका" अशी खूण करणाऱ्या आजच्या सत्कारमूर्ती सिस्टर. समोर बसलेल्या सर्व परिचारिका, आया, कर्मचारी. आणि मांडीवर, खांद्यावर, खुर्चीखाली जिथे सापडेल तिथे बसलेली बालमंडळी व त्यांचे आईवडील, तुम्हा सर्वांना माझा नमस्कार.

मागे ऐकू येतंय ना? बरं. मी सातवीत शाळा सोडली आणि पुढची चौतीस वर्षं पाण्याच्या पंपघरात काढली. त्यामुळे माझा आवाज मोठा आहे आणि शब्द थोडे आहेत. शिवाय मला काळजी करायची खोड आहे. सभागृहाचं दार किती वाजता उघडणार, हे विचारायला मी कालपासून तीन वेळा फोन केला. तिसऱ्या वेळी पहारेकरी म्हणाला, "काका, तुम्ही या तर खरं. दार नाही उघडलं तर मी ते काढून बाजूला ठेवतो." त्यांचेही आभार. दार वेळेवर उघडलं.

पण मंडळी, आज मी काळजीत नाही. आज मी इतका खुशीत आहे की मला स्वतःचीच भीती वाटते. कारण परवा सकाळी आमच्या घरी चोरी झाली.

घाबरू नका. चोर सव्वातीन वर्षांचा आहे. आमची नात. जन्मली तेव्हा एवढीशी होती म्हणून घरात तिला मुंगी म्हणतात. मी केळ्याचे काप करून खात बसलो होतो. मुंगी आली. तिने माझ्या ताटलीतला एक काप उचलला, तोंडात घातला, चावला, गिळला. मग मी बघतोय हे बघून ताटलीच उचलली आणि टेबलाखाली जाऊन बसली! मी ओरडलो, "चोर! चोर!" शेजारचे शिक्षक छत्री उगारून धावत आले. त्यांना आम्ही टेबलाखाली वाकून चोर दाखवला. ते म्हणाले, "अहो, पोरीने केळं खाल्लं, त्यात एवढं काय?"

यात एवढं काय, ते इथे पोरं घेऊन बसलेल्या आईलोकांना विचारा. बघा, कशा माना डोलवताहेत. सव्वातीन वर्षांत आमच्या मुंगीने आपण होऊन काही उचलून खाल्लं नव्हतं.

तर आमचा सगळा नाच चालू असताना सूनबाई ओल्या हातांनी दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाबा, आता वाटतं, माझ्या हातून झालं होतं ते भरून निघालं."

ते ऐकलं आणि माझा नाच थांबला. तिच्या हातून काही झालंच नव्हतं. जे झालं ते कुणाच्या हातून झालं, हे मला माहीत आहे, सिस्टरांना माहीत आहे, अध्यक्षबाईंना माहीत आहे. सूनबाईला माहीत नाही. ती तिसऱ्या रांगेत बसली आहे. मी आज सिस्टरांचे आभार मानायला उभा आहे, आणि तिला ते सांगायलाही उभा आहे. सिस्टर आज निवृत्त झाल्या, की माझ्याकडे डोळे वटारून बघणारं कुणी उरणार नाही. मग माझ्याच्याने ते होणार नाही. जरा पाणी घेतो.

मुंगी अकरा आठवडे आधी आली. वजन एक किलो शंभर ग्रॅम. काचेच्या पेटीत ठेवली होती आणि आईचं दूध नाकातल्या नळीने पोटात जात होतं. सहाव्या आठवड्यात मोठ्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आता बाटलीने सुरुवात करू. दोन दिवस सगळं दूध तोंडाने घेतलं, नळी लागली नाही, की घरी न्या. आम्हाला वाटलं, झालं! आता काय, दोनच दिवस!

मुंगी चाळीस मिलीलीटरपैकी पंधरा घ्यायची आणि झोपून जायची. उरलेलं पुन्हा नळीने.

आता माझी चौतीस वर्षं काट्याकडे बघण्यात गेलेली. पंपाचा दाब दाखवणारा काटा खाली आला, की माझा जीव खाली यायचा. मी त्या बाटलीला काट्यासारखं धरलं. सूनबाईच्या डोक्यावर उभा राहून ओरडायचो, "सतरा! अठरा! अजून दोन, अजून दोन!" शेजारचं बाळ दचकून रडायचं. तेव्हा या सिस्टर आल्या. खिशातून लोकरीचं छोटंसं झबलं काढलं आणि बाटलीला घातलं. पिवळं, वर एक बटण.

मी म्हटलं, "हे काय सिस्टर? बाटलीला थंडी वाजते?"

"बाटली बरी आहे काका. ताप तुम्हाला आलाय. आजपासून बाटलीकडे बघायचं नाही, बाळाच्या तोंडाकडे बघायचं."

"पण किती गेलं ते कळणार कसं?"

"ते मला कळेल. तुम्हाला कळून तुम्ही काय करणार आहात?"

काय करणार होतो, ते पुढे कळलंच.

ही झबली सिस्टर चहाच्या सुट्टीत उरलेल्या लोकरीतून विणायच्या, प्रत्येक बाळाच्या बाटलीला वेगळ्या रंगाचं. इथे किती जणांकडे आहेत? हात वर करा बघू. बापरे! अधीक्षक साहेब, तुमचा हात का वर आहे? नातू? बरं, बरं. म्हणजे तुम्हीही ओरडायचा!

सिस्टरांनी मला समजावलं होतं, ऐकायला मी नव्हतो. मोठ्या माणसाला वाटतं, दूध पिणं म्हणजे एक काम. ती तीन कामं आहेत. चोखायचं, गिळायचं, आणि मधेच आठवणीने श्वास घ्यायचा. पूर्ण दिवसांचं बाळ हे पोटात शिकून येतं. आमची मुंगी शाळा अर्धवट टाकून आली. मीही सातवीतच सोडलेली, त्यामुळे तिला नावं ठेवायचा मला अधिकार नव्हता. तिला सावकाश, थेंबाथेंबाने दूध मिळावं म्हणून अशा बाळांच्या बाटलीच्या निपलला अगदी बारीक छिद्र असतं.

आणि बाटल्या, निपलं उकळायचं काम मी मागून घेतलं होतं. उकळतं पाणी हा माझा प्रांत. तिथे उभं राहून मी ते छिद्र उजेडात धरून बघायचो. मला वाटायचं, पोरगी दमते ती यामुळे. पंपघरात मी एकच गोष्ट शिकलो होतो, धार कमी आली तर तोंड मोकळं करा. एवढे शिकलेले डॉक्टर, आणि यांना एवढं साधं सुचू नये!

मी घरून रफू करायची सुई आणली. शेगडीवर लाल केली. आणि निपलमध्ये घातली.

अध्यक्षबाई, माझ्याकडे बघू नका, मी विसरेन पुढचं.

त्याच दिवशी सिस्टरांनी सूनबाईला पहिल्यांदा सांगितलं, आज मी शेजारी बसते, तू एकटीने पाज. सिस्टरांनी शिकवल्याप्रमाणे तिने मुंगीला कुशीवर धरलं, बाटली आडवी ठेवली. सगळं बरोबर. मुंगीने तोंड लावलं आणि दुधाची धार सुटली. लेकराने दहाही बोटं फाकली. ओठ निळे झाले. श्वास मोजणारं यंत्र ओरडायला लागलं. सिस्टरांनी तिला उचललं, पालथी केली, नळीने दूध ओढलं, प्राणवायू लावला. रंग परत यायला दोन मिनिटं लागली असं त्या म्हणतात. माझ्या हिशेबाने मी त्या दोन मिनिटांत म्हातारा झालो, त्याआधी नव्हतो.

मुंगी पेटीत परत गेली. बाटली दहा दिवस बंद. आणि सूनबाई भिंतीला टेकून एकच बोलत होती, "मी जास्त कलती केली. माझ्या हातून झालं."

सिस्टरांनी ती बाटली उलटी धरली. थेंब पडायला हवे होते, धार पडली. त्यांनी खोलीतल्या सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती माझ्या अंगठ्याशी थांबली. मला बाहेर घेऊन गेल्या.

"काका, अंगठा दाखवा."

"भाजलाय."

"कशाने?"

मी रडायला लागलो.

"रडणं नंतर. किती निपलं केली?"

"दोन."

"दुसरं कुठे आहे?"

"खिशात."

"आणा इकडे."

ते घेऊन त्या मला तशाच मोठ्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेल्या आणि माझ्यासमोर सगळं सांगितलं. डॉक्टरबाई मला काय बोलल्या, ते आज सांगत नाही. समोर लहान मुलं बसली आहेत. त्या दिवसापासून बाटल्या उकळायच्या खोलीला कुलूप लागलं. तुम्हा नातेवाइकांना तिथे जाऊ देत नाहीत ना? ती माझी कृपा.

सिस्टर मला एवढंच म्हणाल्या, "घरच्यांना तुम्ही सांगायचं. आजच सांगा. उद्या याहून अवघड होईल." मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी खरंच जास्त अवघड झालं. तिसऱ्या दिवशी त्याहून. असे मी हजार दिवस काढले.

सिस्टर सूनबाईला सांगत होत्या, "अगं, निपलचं छिद्र मोठं होतं. तुझा हात बरोबर होता." पण तिला वाटे, या समजूत काढताहेत. ती म्हणायची, "सगळी निपलं एका डब्यातली, मग माझ्याच हातात असं का व्हावं?" याचं उत्तर फक्त माझ्याकडे होतं, आणि मी खिडकीबाहेर बघायचो.

मुंगी घरी आली, पण तोंडाशी काही आलं की मान फिरवायची. गाजर उकडलं की वासानेच उमासे. आणि सूनबाई? दूध काढून देई, वाटी धुऊन देई, भाजी शिजवून, कुस्करून, गाळून देई. पण भरवायची वेळ झाली की तिला काहीतरी धुवायचं आठवे. आमच्याकडची भांडी इतकी घासली गेली आहेत की दोन पातेल्यांचे तळ पातळ झाले.

मग दर आठवड्याला सिस्टरांच्या भरवण्याच्या खोलीत यायला लागलो. तिथला नियम तुम्हाला माहीत आहे. जबरदस्ती नाही, गयावया नाही, विमान आलं विमान आलं नाही. मुलाला हात घालू द्या, फासू द्या, जमिनीवर टाकू द्या. मी विचारलं, "मग मोठ्यांनी काय करायचं?" सिस्टर म्हणाल्या, "काका, तुम्ही खायचं. तिच्यासमोर बसून, मजेत." हा उपचार मी मन लावून केला! गाजर, बटाटा, भोपळा, दहीभात, जे तिला आणलं ते मी खाल्लं. सहा महिन्यांत मुंगीचं वजन चारशे ग्रॅम वाढलं आणि माझं सहा किलो. सिस्टर वहीत दोन्ही लिहायच्या. माझ्या आकड्याखाली लाल रेघ.

आता मी अजून गोड बोलत राहिलो तर वेळ संपेल, आणि मला तेच हवं आहे, म्हणून थांबतो.

सूनबाई, त्या निपलला सुईने भोक मी पाडलं. मी. तुझा हात बरोबर होता. पहिल्या दिवसापासून बरोबर होता.

हं. ती उभी राहिली आहे. बोल पोरी, मोठ्याने बोल, सगळ्यांसमोर बोल.

मागे ऐकू आलं नसेल तर मी सांगतो. ती म्हणते आहे, "म्हणजे मी तीन वर्षं मोरीत भांडी घासत होते, तेव्हा तुम्ही समोर बसून मजेत गाजरं खात होता?"

हो.

हसू नका मंडळी. तिचं म्हणणं शब्दन् शब्द खरं आहे. बरं, हसा. तीही हसते आहे. नाही, रडते आहे. मला चष्म्यातून नीट कळत नाही. ती खाली बसली, आणि माझ्या रिकाम्या खुर्चीवर तिने पिशवी ठेवली. समजलं मला.

थांबा. ती मुंगीला माझ्या मुलाच्या मांडीवरून घेते आहे. डबा उघडला. सिस्टर, उठू नका, आज तुम्ही पाहुण्या आहात! केळ्याचा काप उचलला. स्वतः, स्वतःच्या हाताने. मुंगीने मान फिरवली. अर्थातच फिरवली, तिला चोरून खायला आवडतं. पण सिस्टर, बघा, सूनबाईचा हात मागे आला नाही. काप धरून तशीच बसली आहे. घाई नाही. मुंगीच्या तोंडाकडे बघते आहे. असाच हात तिने त्या दिवशी धरला होता. मी शेजारीच उभा होतो, मला माहीत आहे.

सिस्टर, तुम्ही आमची नात दिलीत, आणि हे सांगायला मला तीन वर्षं उसंत दिलीत, तीही डोळे वटारून. तुम्हाला निवृत्तीत भरपूर झोप मिळो. अध्यक्षबाई, अधीक्षक साहेब, तुम्ही मला बोलू दिलंत, आभारी आहे. कुणाचा उल्लेख राहिला असेल, कुणाला काही लागलं असेल, वेळ जास्त घेतला असेल, तर अडाण्याचं बोलणं म्हणून सोडून द्या. ती सुईची चूक मात्र तुमच्याकडे माफीला देत नाही. तिचा निकाल तिसऱ्या रांगेत लागायचा आहे आणि पिशवी अजून माझ्या खुर्चीवरच आहे. मी तिकडेच चाललो आहे. पिशवी उचलून मांडीवर घेईन आणि बसेन.

नमस्कार.