निळ्या फ्रॉकवालीची फायनल

लग्नाला जेमतेम महिना झाला होता, तेव्हाची गोष्ट सांगते. कोथरूडच्या आमच्या घरी केबल नवीनच आली होती आणि तिच्यावर बर्फावरच्या स्केटिंगची जागतिक स्पर्धा लागायची. त्यातली एक रशियन मुलगी मला फार आवडायची. रविवारी दुपारी फायनल होती आणि तिची पाळी सगळ्यांत शेवटी. नेमक्या तेव्हाच सदाशिव पेठेतल्या मावशी, म्हणजे सासूबाईंच्या थोरल्या बहीण, नवी सून बघायला आल्या.

चहाला उठताना मी सासूबाईंना म्हटलं, "अहो आई, निळ्या फ्रॉकवाली आली की हाक माराल?"

"मारते की."

चहा नेला. मावशी म्हणाल्या, "मला बिनसाखरेचा लागतो. हिला कुणी सांगितलं नाही वाटतं."

पुन्हा आधण ठेवलं. तेवढ्यात बाहेर टाळ्यांचा कडकडाट झाला. कप घेऊन लगबगीने आले, तर टीव्ही बंद.

"आई, निळ्या फ्रॉकवाली?"

"झालं की तिचं. मावशी बोलत होत्या, मध्येच हाक कशी मारणार?"

"पडली का हो?"

"नाही गं. छान गिरक्या घेतल्या."

"मग जिंकली?"

"ते नाही कळलं. मार्क लागायच्या आधीच रडायला लागली ती."

"म्हणून मीच बंद करायला लावला," मावशी कप घेत म्हणाल्या. "घरात नवी सून, आणि समोर पोरगी रडतेय. बरं दिसतं का ते?"

सासरी आल्यापासून मला पहिल्यांदा रडू आलं, ते तेव्हा.